मॅटाडोरला पाडलेल्या खिडक्या

उधना, सुरत
एप्रिल १९९६

आदरणीय भाईदास आप्पा यांना सुषमाच्या यजमानांचा, म्हणजे भटूचा, सुरतेहून दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला पट्टी आहे, तरी जोडला आहे. पट्टीचं कारण खाली येईल.) पारोळ्याला सगळे मजेत असतील, तुमच्या गुडघ्याला आराम असेल, वहिनींची कुरडया-पापडांची घाई चालली असेल. तुमच्या आई होळीपासून आमच्याकडे आहेत. त्यांची तब्येत ठणठणीत आहे आणि आवाज त्याहून ठणठणीत आहे.

मी जुनी मॅटाडोर घेतली हे तुमच्या कानावर आलंच असेल. आधी ती एका बँडवाल्याची होती, मागच्या दारावर अजून पिपाणी रंगवलेली आहे. आत मी फळीचा पलंग ठोकला, स्टोव्हसाठी ओटा केला, पाण्याचं पिंप बांधलं, पोपटी पडदे लावले. चालतंफिरतं घरच म्हणा ना! सुषमा बघून खूश झाली, आत बसली, मी कौतुकाने दार लावलं आणि ती किंचाळली. आप्पा, आत हवा म्हणून नव्हतीच. पत्रा असा तापतो की पापड वाळवायला गच्चीवर जायला नको. (हे वहिनींना सांगू नका, पाठवून देतील.) सुषमाने तोंडावर सांगितलं की आखाजीला आई हिच्यात बसून पारोळ्यापर्यंत हसत गेली तर गाडी राहील, नाहीतर सण झाल्यावर भंगारवाला. आईंचा तर कोंदट जागेत जीव घाबरा होतो. आणि तुमची बहीण बोलते ते करते, हे मी तुम्हाला काय सांगावं!

माझा जीव त्या गाडीवर. मग शेजारच्या लोटूला धरला. लोटू आमच्याच लूम्सच्या खात्यात (कारखान्याला इथे खातं म्हणतात) वायरमन आहे. त्याने टपाला भोक पाडून पंखा बसवून दिला. पंखा आतली गरम हवा बाहेर फेकणार, असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी रेल्वे फाटकाजवळ अडकलो, शेजारी मिरचीच्या भज्यांची लारी (इथली हातगाडी), आणि कढईतला सगळा खकाणा टपातून थेट आमच्या नाकात! सुषमा शिंकते, मी खोकतो, मागचे हॉर्न मारतात. पंखा उलटा बसला होता. लोटूला विचारलं तर म्हणतो कसा, तुम्हीच म्हणालात हवा आत आली पाहिजे, आली ना? आता या माणसाशी काय भांडणार? पंखा सुलटा करून घेतला आणि त्यालाच चहा पाजला.

नुसत्या पंख्याने भागेना, कारण बाहेर फेकायला आत हवा यायला हवी ना! म्हणून मी दोन्ही बाजूंचा पत्रा कापून खिडक्या पाडल्या, सरकत्या काचा बसवल्या. (पट्टी त्याचीच.) मोठ्या थाटात आईंना कामरेजपर्यंत फिरवायला काढलं. कामरेजला दार उघडलं तर आई घामाने निथळलेल्या, पदराने वारा घेत खाली उतरल्या आणि उसाच्या रसाच्या मांडवात जाऊन बसल्या. परत येताना मॅटाडोरमध्ये पाय ठेवायला तयार नाहीत, भाड्याच्या जीपमध्ये बसून आल्या. मला तर भंगारवाल्याची हातगाडीच डोळ्यासमोर दिसायला लागली.

घरी आल्यावर सुषमाने गाडी पाहिली, तर सगळ्या काचा बंद. आणि आप्पा, त्या बंद कोणी केल्या? मीच! आमच्या खात्यात वारा आला की धागा तुटतो, म्हणून उघडी खिडकी दिसली की लावायची. सगळी उमर त्यात गेली, हात आपोआप जातो. निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारून मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या खिडक्या लावून टाकल्या होत्या, आणि मला पत्ताच नव्हता! सुषमा हसून हसून खाली बसली, नंतर उठून तिने काचाच काढायला लावल्या आणि जागी जाळी ठोकून घेतली.

मग आईंच्या हातापाया पडून त्यांना डुमसच्या रस्त्याला नेलं. उधना सोडेपर्यंत त्या गाडीला नावं ठेवत होत्या, पुढे आवाज बंद झाला. मी घाबरून थांबलो. बघतो तर बाई गाढ झोपलेल्या! घरी आल्यावर उठवलं तर उतरेनात. म्हणाल्या, “काय गार वारा यी ऱ्हायना वं माय! माले आठेच ऱ्हाऊ द्या.” तेव्हापासून दुपारची झोप गाडीतच. मॅटाडोर वाचली, आप्पा! आखाजीच्या आदल्या दिवशी बारडोली-नवापूरवरून येतो.

आपला,
भटू

ता.क. गाडी लावायला तुमच्या निंबाखालची जागा मोकळी ठेवावी.

ता.क. आप्पा, खरी गोष्ट कशी लिहावी कळेना, म्हणून एवढी मॅटाडोर फिरवली. तुम्ही हौसेने स्लॅबचं घर बांधलंत, आईंना देवघरामागची खोली दिलीत, चांगली फरशी बसवलीत. पण त्या खोलीला खिडकी नाही. तुमचं मन दुखेल म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत. ऊन तापायला लागलं की लेकीची आठवण आली म्हणून सुरतेला येतात. काल सुषमाजवळ बोलल्या, आणि मला फार वाईट वाटलं. रागावू नका, तेवढी एक खिडकी पाडू या. मी छिन्नी-हातोडा घेऊन येतो.

ता.क. आईंनी आत्ता पत्र वाचून घेतलं. शेवटचं खोडून टाक म्हणाल्या, भाईदासला वाईट वाटेल. मी बरं म्हटलं. पण न खोडता सामान भरायला घेतलं, तर छिन्नीच सापडेना. आता सुषमाला सापडली: आईंच्या पिशवीत, पारोळ्याला न्यायच्या लुगड्यात गुंडाळलेली.