एकशेदोनची रेघ

१२ नोव्हें., मंगळ
नानाखेडा स्टँडवरून सहाची बस, इंदूर. लॅबमधल्या मोठ्या यंत्राचा प्रकाश वापरायची माझी पाळी आजपासून, चार दिवस. नमुना नॅफ्थलीन. प्रकाशानं रेणूतला इलेक्ट्रॉन उडतो, ताकद वाढवली की रेणूही फुटतो. आलेखावर अखंड रेणूची, १२८ वजनाची रेघ पहिल्या तासात आली. येणारच होती.

१३ नोव्हें.
प्रकाशाची ताकद १३ ईव्ही केली आणि १०२ ची रेघ! म्हणजे तुकडा. ताऱ्यांमधल्या ढगांत याहून फारसा जोरदार प्रकाश पोचत नाही, तिथला हायड्रोजन तो गिळतो. इथे फुटलं तर तिथेही फुटणार.
माझे जुने गाईड, आताचे जोडीदार, चिरपुटकर सर फोनवर खूश. "पेपर लिहायला घे."
पण १३ च्या आड दुप्पट ताकदीचा, २६ चा प्रकाशही थोडा घुसतो. फोडणारा तोच असला तर? प्रकाशाच्या वाटेत आर्गॉन वायू भरला की २६ अडतो, १३ जातो. सरांना तसं सांगितलं.
"दोनच दिवस उरलेत, टाइम घालवू नकोस."
"सर, हे केल्याशिवाय मी लिहिणार नाही."

१४ नोव्हें.
आर्गॉनचा सिलिंडर रिकामा. टेक्निशियन यादवजी: "मॅडम, नया कल दोपहर तक." बाकीची मापं उरकली. चिडचिड नाही.
घरी आई कपाट आवरत होती. "डांबराच्या गोळ्या फोडायला रोज इंदूर?"
"त्यातलंच रसायन. आकाशात त्याचे भाऊबंद भरपूर आहेत."
"मग फुटतं की नाही, पक्कं सांग."
"उद्या सांगते."

१५ नोव्हें.
दोनला सिलिंडर आला. आर्गॉन भरल्यावर १०२ एकदम खाली. माझा संशय बरोबर. पण रेघ पूर्ण गेली नाही, किंचित उरली. सहाला प्रकाश बंद होईतो मोजत राहिले. आर्गॉन कमी पडला, की हे खरंच फुटणं?
सरांना फोन केला. ते म्हणाले, "उरलंय ते खरं असलं तर?"
"असेल. आज तसं म्हणता येत नाही."
आईला सांगितलं, अजून माहीत नाही. ती म्हणाली, "चार दिवस जाऊन?" हसू आलं. वाईट नाही वाटलं.

१६ नोव्हें., शनि
सरांची मेल. परिषदेला सोमवारी सारांश जातोय, त्यात फक्त आर्गॉन भरण्याआधीचा आलेख. दोघांची नावं.
लिहिलं: दोन्ही आलेख जातील, नाहीतर माझं नाव काढा. चार ओळी, पुन्हा वाचल्या नाहीत. वीस वर्षांत त्यांना असं कधी लिहिलं नव्हतं.
पुढच्या पाळीचा अर्ज भरला. नमुना तोच, आर्गॉनचा दाब दुप्पट.
संध्याकाळचे सात. सरांचं उत्तर नाही.