नऊ नंबरची कुंडी

मंगळवार, ४ मार्च
काल लिहिलं त्यात एक चूक आहे. काचघरात चौदा नाही, पंधरा कुंड्या आहेत. पंधरावीत नुसती माती आहे, मातीतून परस्पर उडणारं पाणी कळावं म्हणून. मी तिला रिकामी समजून सोडलं.
बाकी ही नवी नोकरी छान. स्वतंत्र खोली, भरपूर ऊन, काम म्हणजे रोज सकाळी कुंड्या मोठ्या काट्यावर ठेवून वजन लिहिणं. जेवढं घटलं, तेवढं पाणी पानांतून गेलं. काचघर ज्यांचं, त्या प्राध्यापकांनी विचारलं, बाबांनी घरीच शिकवलं ना, मग वजाबाकी तरी येते का? त्यांचाच काटा चाळीस ग्रॅम पुढे होता. मी तो शून्यावर आणला.

शुक्रवार, ७ मार्च
माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलीची वही म्हणजे गलथानपणाचा नमुना. नऊ नंबरपुढे एक जादा रकाना, मथळा नाही. ५४.०, ५३.६, ५३.२... एवढी जड कुंडी इथे एकही नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल.
नऊ नंबरला पाणी द्यायचं नाही, असा हुकूम आहे. तरी पानांवर बांधलेल्या पिशवीत रोज चारशे ग्रॅम पाणी जमतं आणि कुंडीचं वजन तसूभर घटत नाही. विचारलं तर प्राध्यापक म्हणाले, काटा वाचायला अक्कल लागते. या गृहस्थांना स्वतःच्या चपला सापडत नाहीत.

सोमवार, १० मार्च
काटा तपासायला गुरुवारी मी स्वतः त्यावर उभी राहिले होते: ५१.२ किलो. आज ४९.६. चार दिवस, रोज चारशे ग्रॅम.
काल आत्याकडे होते, दिवसभर पाणी पीत होते. आत्या म्हणाली, “अगं, चिपाड झालीस की.”

शुक्रवार, १४ मार्च
४८.०. तो रकाना कुंडीचा नाही. आधीच्या मुलीचा आहे. शेवटचा आकडा ३६.४. तिला मी गलथान म्हटलं — माफ कर, बाई.
त्याखाली प्राध्यापकांच्या अक्षरात माझे आकडे.
नोकरी सोडते म्हटलं. ते वहीतून वर बघेनात.
“जा की. मूळ काय तुझ्यामागे धावणार आहे? त्याला धावावं लागत नाही.”

मंगळवार, १८ मार्च
४६.४. जीभ टाळूला — पान उलटताना बोटाची साल कागदावर राहिली.
खोड कापलं तर सुटेन, की माझंही काही तुटेल — त्या दीडशहाण्याला विचारणार नाही.
गुरुवारी, २० तारखेला, नऊ वाजता तो बाहेर जातो. छाटणीची कात्री उशाशी आहे. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी खोड मातीलगत —