पंपाच्या मध्यस्थीने झालेले बोलणे

राजूर शिवार,
वैशाख, सन १९७४

तीर्थरूप रायभानदादांच्या पायांवर धाकट्या कडूबाचे डोके. (रागाने आपण पाय मागे घेतले असतील, तरी डोके तिथेच आहे असे समजावे.) आपला गुडघा कसा आहे? परवा शेतकी वर्गातून आपण ज्या तडफेने उठून चालते झालात, त्यावरून दुखणे पार गेले असावे असा इकडे सगळ्यांचा समज झाला आहे. गोपिकावहिनी, शेळ्या आणि विहिरीचे पाणी यांचे बरे असेल. आमचे गणपतीच्या कृपेने ठीक आहे.

आपला निरोप पोहोचला. आपली धाकटी भावजय साखराबाई पुन्हा वर्गाला गेली, तर आपण माझा उंबरा ओलांडणार नाही, असे आपण सांगून पाठवलेत. त्याचे उत्तर आधीच लिहितो, म्हणजे पत्र अर्ध्यात फाडलेत तरी माझे काम झालेले असेल. ती जाणार आहे. मृग लागण्याआधी बियाण्याचा आणि औषधाचा दुसरा वर्ग आहे, त्याला ती जाणार आणि तिच्या शेजारी सतरंजीवर आमच्या शेतात कामाला येणारी बौद्धवाड्यातली कांताबाईही बसणार.

दादा, आपण जरा शांतपणे विचार करावा. आपला बाप दिवाळी झाली की मेंढरे घेऊन जो निघायचा, तो पाऊस तोंडावर आला की परतायचा. तोवर शेत कोणी केले? आईने. पुढे मेंढरे गेली, आपण हसनाबादला मामाच्या शेतावर गेलात, मी इथे राहिलो, पण शेत करायची रीत तीच राहिली. मी नांगर धरतो, बैलांशी बोलतो आणि चतुर्थीला देवळात जातो. बाकी सगळे साखराबाई पाहते. मागच्या साली वर्गाला तुम्ही-आम्ही दोघे होतो. औषध हाताने कालवू नये, लांब काडीने ढवळावे, असे तिथे स्वच्छ सांगितले होते. परतताना आपण चहाला थांबलो, मग बैलांच्या किमतीवर बोलणे निघाले, आणि काडी तिथेच राहिली. (चहा चांगला होता, हे मला अजून आठवते.) औषध कालवले कांताबाईने, आमच्या शेतात, स्वतःच्या हाताने. तिच्या बोटांची सालपटे निघाली. महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही. म्हणून या वर्षी मी दोघींना घेऊन गेलो. ज्यांचे हात, त्यांचे कान तिथे असावेत, एवढाच माझा हिशेब होता.

आता त्या दिवसाचे. आपण पहिल्या रांगेत फेटा बांधून बसाल, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आपण तिचे थोरले दीर, भासऱ्यांसमोर साखराबाई तोंड कसे उघडणार? लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, तिने आपल्याशी थेट एक शब्द बोललेला नाही, आणि आपणही तिच्याशी नाही. घरात ती दाराच्या चौकटीला सांगते आणि आपण ऐकता. पण त्या पत्र्याच्या शेडला चौकटच नव्हती! होता तो मधोमध ठेवलेला फवारणीचा पंप. तिने डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि पंपाला विचारले, "पंपा, औषध कालवायला हात चालतो का काडीच लागती, बाबा?"

विस्तार अधिकारी साहेब कोकणातले, इकडे नवीन. या भागाची हीच रीत असावी असे समजून त्यांनीही पंपाकडे वळून, अगदी अदबीने, पंपालाच उत्तर दिले. मग कांताबाईने पंपाला विचारले. मग हसनाबादची दोन शहाणी माणसेही, नवीन नियम निघाला असेल म्हणून, पंपालाच विचारू लागली. वर्ग इतका सुरळीत मी कधी पाहिला नव्हता. मोडला तो आपण. आपण पंपाला म्हणालात, "पंपाला म्हणावं, बायांनी मधी मधी बोलू न्हाई."

तिने पंपाला जे उत्तर दिले ते आपण ऐकलेच आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण मला ते आवडले. "पंपाला म्हणावं, आम्ही खुरपून राह्यलो असतो तवा भासरे कुठं असत्यात?"

आपण उठलात. आपल्यामागे सगळे हसनाबाद उठले. (त्यातल्या दोघांना पुढचे ऐकायचे होते, ते दारापर्यंत उलटे चालत गेले.) साहेब घाबरले आणि दुसरा वर्ग फक्त पुरुषांचा, तोही सातबाऱ्यावर नाव असेल त्याचाच, असे म्हणाले. मी कधी साहेबलोकांपुढे बोलत नाही, आपण जाणता. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "मंग सायेब, सातबाऱ्यालाच खुरपं द्या."

बायका चारचौघांत बसल्याने घराण्याची अब्रू जाते, असे आपले म्हणणे. दोन वर्षांमागे दुष्काळी कामावर याच बायका खडी फोडत होत्या. आपणही तिथेच होतात, मीही होतो. साखराबाई, वहिनी, कांताबाई, सगळ्या एका ढिगाऱ्यावर बसायच्या आणि एकाच माठातले पाणी प्यायच्या. तेव्हा अब्रू कुठे ठेवली होती? खडी फोडायला जी सतरंजी चालली (सतरंजी कसली, गोणपाट होते), ती शिकायला का चालत नाही, हे मला कोणी समजावून सांगावे.

वर्गावरून मी देवळात गेलो आणि बराच वेळ बसलो. माझे काही चुकते का, असे गणपतीला विचारले. तो काही बोलला नाही. (कधीच बोलत नाही, म्हणून त्याचे-माझे जमते.) पण उठताना मन हलके होते, म्हणून मी घरी येऊन साखराबाईला सांगितले की जायचे. साहेबांनी आत घेतले नाही, तर तिघे शेडच्या बाहेर उन्हात बसू, पत्र्यातून ऐकू येते. मी माघार घेणार नाही. आपल्याकडून मला काहीही नको. रागवायचे तर खुशाल रागवावे, थोरल्याचा तो हक्क आहे.

पायांशीच असलेला,
कडूबा

ता.क. काहीही नको असे वर लिहिले आहे, त्यात एक शब्द राहिला. साहेब म्हणतात, हसनाबादच्या फेटेवाल्या दादांनी "हरकत न्हाई" एवढे तोंडाने म्हटले, तर ते बायकांना आत बसवतील. तेवढे म्हणावे.

ता.क. दुसरे. पत्र साखराबाईला वाचून दाखवले. ती म्हणते, एवढे कडक कशाला लिहिले, भासऱ्यांना गुडघ्याला लावायला तेल पाठवा. पाठवत आहे. वर्गाला जाण्याबद्दल मात्र तिचे मत बदललेले नाही.

ता.क. शेवटचे. हे आपल्याला सांगू नये असा वहिनींचा निरोप होता, पण आपल्यापासून मी कधी काही लपवले नाही. वहिनी हसनाबादच्या पाच बाया घेऊन दुसऱ्या वर्गाला येत आहेत. गाडी ठरली आहे. तेव्हा आपण "हरकत न्हाई" हे जल्दी म्हणून टाकावे, म्हणजे त्या आपल्या परवानगीने आल्या असे दिसेल. गाडीत पुढे गाडीवानाजवळ एक जागा आहे. वहिनींनी ती आपल्यासाठीच ठेवली आहे, फक्त अजून आपल्याला सांगितलेले नाही.