पळस पाहण्याचा मुहूर्त

२५ फेब्रुवारी १९७३. पहाटे.
संकल्प: यंदा पुष्पलतेला स्कूटरवर बसवून सावनेर रोडचा पळस दाखवायचा. तिच्या माहेरच्या बांधावर म्हणे झाडं पेटल्यासारखी दिसतात. लग्न झाल्यापासून ‘पुढच्या फागुनात’ म्हणत आलो. आता स्कूटर आहे. सबब उरली नाही. पुढचा रविवार, देवाच्या इच्छेने.

संध्याकाळ.
स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत नेली. येताना हाताने ढकलत आणली. वळवण्याची घाई कशाला? शेजारच्या भैय्याजींनी ओट्यावरून विचारलं, काहून गा, चारून आणली काय? अज्ञानी माणूस.

१ मार्च.
जप झाल्यावर रोज क्लच-ब्रेकचं चिंतन करतो. मनात गियर उत्तम पडतात.

४ मार्च, रविवार.
अमावास्या. प्रवास नको. मी अंधश्रद्धाळू नाही, पण कोळशाचे ट्रक त्याच रोडने येतात. ही म्हणाली, फुलं काय पंचांग पाहून गळते जी? वाद वाढवणं माझ्या स्वभावात नाही.

८ मार्च.
स्कूटरची पूजा. हार, नारळ. लिंबावरून चाक न्यायचं होतं. लिंबू शाबूत, भैय्याजींच्या ओट्याची पायरी निखळली. अरिष्ट पायरीवर निभावलं म्हणायचं.

११ मार्च, रविवार.
हिने पुऱ्यांचा डबा बांधला. ठेवणीतलं पातळ नेसली. निघताना सहज पंचांग उघडलं, तर आजपासून होलाष्टक! होळीपर्यंत नवं काही सुरू करू नये. आपल्यात फारसं पाळत नाहीत, पण गांधीबागेतले शेठ पाळतात. त्यांचं कुठे काय बिघडलं?
डबा घरीच खाल्ला. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या. वाढताना हिने एवढंच विचारलं, भ्या वाटून राहिलं काय जी? मी हसलो. बराच वेळ हसलो.

१४ मार्च.
आता होळीनंतरचा रविवार पक्का. तोवर पळस आणखी रंगात येईल. खेड्यात शिकलेला माणूस आहे मी. झाडांचं मला कुणी सांगू नये.

१७ मार्च.
कचेरीतून आलो तो घराला कुलूप. किल्ली भैय्याजींकडे. म्हणाले, वहिनी भजनातल्या कांताबाईसंगं सावनेरले गेल्या, एस.टी.नं. तुमची भाकर झाकून ठेवली हाय. वर विचारतात, तुमी नाही गेले काहून?
एस.टी.ने! होलाष्टकात!
दिवेलागणीला आली. पिशवीभर फुलं. बोलतच होती: बांध, विहीर, फुलांवर भांडणारे पोपट. इतकं बोलताना तिला कधी ऐकलं होतं, आठवेना. मी विचारलं, आठ दिवसांनी दिसतील ना? म्हणाली, रंगासाठी पोरांईनं खालच्या फांद्या ओरबाडल्या, वरचं गळून राहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, गाडी खाली होती जी. तुमच्यासाठी बी जागा होती.
एस.टी. मला सुचली नव्हती असं नाही. पण स्कूटर घेतली कशासाठी?

१९ मार्च. धुळवड.
हिने फुलं उकळून रंग केला. पूजेवरून उठून दारात आलो, तर भैय्याजींच्या देखत अख्खी बादली माझ्यावर ओतली. म्हणाली, घ्या, पाहा पळस.
पाहिला असता. डोळे मिटलेले होते.