अण्णांची बस आणि नानांची भिंत

२ नोव्हेंबर, रविवार
पालघरजवळच्या माहीमला आईकडे जाऊन आले. बस आतून बघितली. बाहेरून काय, अण्णा (माझे वडील) रिटायर झाल्यापासून वाडीत उभीच आहे. बोईसरच्या कंपनीची नाकवाली जुनी स्टाफ बस. अण्णांनी आयुष्यभर चालवली, कंपनीने मोडीत काढल्यावर तीच विकत घेतली, सीटा काढून आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. फिरतं घर. फिरलं फार नाही.
जुलैत अण्णा गेले. बस आम्हा दोघांची, मी आणि दादा, निम्मी-निम्मी. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ हेमंत, पालघरला असतो. चार वर्षं बोलत नाही आम्ही. त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत चुलत आत्या, मावस आत्या, सगळ्या होत्या. सख्खी नव्हती. म्हणून इथून पुढे 'दा.' एवढंच लिहीन. पूर्ण शब्द लिहिण्याइतके संबंध नाहीत.
स्टिअरिंगखाली कोंबडी. अंड्यांवर.
आई घराच्या ओट्यावरून : "हलवू नको गो तिला. बसलीय."
कोंबडीबद्दल बोलली की बसबद्दल, कळलं नाही. दोघीही बसलेल्याच.

९ नोव्हेंबर, रविवार
नवीन भानगड. शेजारचे नाना कंपाउंड बांधणार. बस रस्त्यावर काढायची तर त्यांच्या जागेतूनच वाट आहे. स्वतः येऊन सांगितलं, बिचाऱ्यांना वाईटही वाटत होतं.
"वनू, राग मानू नको. संक्रांतीनंतर काम धरतो. तोवर काढा. मग काय, तुकडे करूनच न्यावी लागंल."
आई विड्याची पानं निवडत होती. मान वर न करता, "बांध रे बाबा. तुझी जागा हाय."
भंगारवाला येऊनही गेला. नारळ वाजवून बघतात तसा पत्रा वाजवून बघितला. मी नाही म्हटलं. आई म्हणाली, दा. सुद्धा कालच नाही म्हणून गेलाय.
चार वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत. दोघांपैकी कुणालाच ते आवडलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बोईसरच्या सगळ्या गॅरेजांत विचारून झालं. एक मेकॅनिक फोटो बघून इतका हसला की त्याने दुसऱ्याला बोलावलं. "मॅडम, इसका पार्ट तो म्युझियम में मिलेगा."
शेवटी किनाऱ्यावरच्या दांडी गावचा भालचंद्र मिळाला. बोटींची इंजिनं करतो. स्कूटरवरून हत्यारांची पेटी घेऊन आला, बसभोवती फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "नाळ चांगली हाय." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मागे गेला, वाकला.
"इकडं जरा बसलीय. पाणी शिरलंय का?"
"अहो, जमिनीवर आहे ती."
"पावसाचं बोलतो ओ, ताई."
इंजिन ते इंजिन, पाण्यात काय नि रस्त्यात काय, असं त्याचं मत. दुसरा कुणी तयार नसल्यामुळे माझंही.
आईने वार लावून दिले. दा. शनिवारी येणार, मी रविवारी. भालचंद्र दोन्ही दिवस.

२३ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर आतला गंज खरवडला. बोईसरला माझ्या कंपनीच्या लॅबमध्ये आठवडाभर मोजून-मापून थेंब टाकायचे आणि सुट्टीत हे. नखं गेली. खिडक्यांना पडदे लावले, अबोली, बारीक फुलांचे. छान दिसले.

३० नोव्हेंबर, रविवार
पडदे घडी करून पिशवीत. पिशवी दाराच्या हँडलला.
भालचंद्रकडून निरोप : "दादा बोलले, प्रवाशाला बाहेरचं दिसायला पायजे."
मी : "त्यांना सांगा, प्रवाशाला कपडेही बदलायचे असतात."
पडदे परत लावले. यावेळी शिवून टाकले.

७ डिसेंबर, रविवार
पडदे शाबूत. पण आतली शेगडी उचलून दारापाशी. ओट्याला नवा सनमायका, हिरवा, कंपनीच्या कँटीनसारखा. आणि प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी, दा.च्या शाळामास्तरी अक्षरात. दिवा. पंखा. पुढचा दिवा. हे दाबू नये.
भालचंद्र : "दादांनी सांगितलंय, शेगडी आत ठेवू नको, उडशील. मला काळजी वाटते म्हणून बोलतो."
"काळजी वाटते असं म्हणाला?"
"नाय. ते माझ्याकडचं घातलं. नुसतं उडशील म्हणजे बरं नाय वाटत."
मग अर्थातच मी 'हे दाबू नये' दाबलं. भालचंद्रने बोटीचा भोंगा बसवलाय, आणि तो दाबला की अडकतो. वायर तोडेपर्यंत वाजत राहिला. नाना बनियनवर बाहेर. गल्लीतली कुत्री एका सुरात. पलीकडच्या पाड्यावरून कुणीतरी विचारायला आलं, वादळाची सूचना आहे का?
आई इतकी हसली की ओट्यावर बसावं लागलं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं.
शेगडी परत आत ठेवली. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, जाळी लावून. दा.चं ऐकलं म्हणून नाही. तसंच असतं.

१४ डिसेंबर, रविवार
चालू झाली!!
भालचंद्रने डिझेलची नळी तोंडाने ओढली, थुंकला, शिव्या दिल्या (समुद्रातल्या, मला अर्ध्या कळल्या नाहीत), आणि इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. काळा धूर. कोंबडी पिल्लं घेऊन तडक नानांकडे गेली ती गेलीच.
आवाज मात्र बसचा नाही. सायलेन्सरही त्याने बोटीचाच जोडलाय. टक् टक् टक् टक्. रस्त्याने पाटी घेऊन एक कोळीण चालली होती, थबकून म्हणाली, "कोणाची बोट वर आली गो?"
आई दारात. पदर तोंडाला. जवळ आली नाही. जरा वेळाने आत गेली, चहा घेऊन आली, साखर विसरली होती.
"त्यांच्या येळंला असा आवाज नव्हता," एवढंच म्हणाली.
भालचंद्रला लागलं. "आजी, आवाज काय, बदलता येतो."
"राहू दे. त्यांचा नको, ह्योच बरा हाय."

२१ डिसेंबर, रविवार
घात. नानांना गवंडी लवकर मिळाले. वाटेच्या दोन्ही बाजूंना खांब उभे. नाना स्वतःच ओशाळलेत. "पुढच्या-पुढच्या आठवड्यात मधली वीट चढवतील. मी थोपवतो जमंल तेवढं. पण त्यांना दुसरीकडं काम हाय."
आणि आज एक गोष्ट लक्षात आली जी आधी कुणाच्याच आली नव्हती. बस चालवणार कोण?
माझ्याकडे स्कूटरचं लायसन्स. दा.कडे छोट्या गाडीचं, आणि ती छोटी गाडीही तो मागे घेताना बायकोला खाली उतरवतो. अण्णांना हेवी लायसन्स होतं, पण ते काही वारशात येत नाही.
भालचंद्र : "मी घेतो. त्यात काय."
"लायसन्स?"
"बोटीला कुठं लागतं?"
"डावी बाजू पाळता येते?"
"समुद्रात डावी बाजू नसतेच ओ, ताई."

२४ डिसेंबर, बुधवार
आमच्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर रामसजीवन आहेत, यूपीतल्या बलियाचे, बोईसरमध्ये केस पांढरे झाले. सुट्टी झाल्यावर त्यांना गाठलं.
"पावर स्टीयरिंग है?"
"नहीं."
"ब्रेक?"
"है. थोड़ा."
"थोड़ा नहीं होता, मैडम. या तो होता है, या तो फोटो पे हार होता है."
भालचंद्रला फोन केला. ब्रेक पूर्ण करणार, तेही बोटीचे नाही असं कबूल करून घेतलं. (बोटीला ब्रेक नसतातच, म्हणाला. तेवढंच समाधान.)
रामसजीवनजी तयार झाले, पण सुट्टी फक्त रविवारी. म्हणजे दा.लाही रविवारी यावं लागणार. आईला कळवलं. "बघा बाबा तुमचं तुम्ही," म्हणाली. आवाजात चिंता अजिबात नव्हती.

४ जानेवारी, रविवार
घरी येऊन चप्पल न काढताच लिहायला बसले.
सकाळी पोचले तर दा. आधीच हजर. डोक्यावर हेल्मेट, बांधकामावरचं. माझ्याकडे बघितलं, मी शेवग्याकडे बघितलं. आई पिशवी घेऊन बसमध्ये पलंगावर बसलेली, चप्पल नीट काढून ठेवलेली.
"आई, उतर. बाहेर निघाली की बस."
"नाय. मी आताच बसणार. मागाहून धावत कोण येईल?"
रामसजीवनजींनी हात जोडून गाडी सुरू केली. टक् टक् टक्. "ये बस है कि नाव?" पण घेतली पुढे. दा. डावीकडे, मी उजवीकडे, भालचंद्र समोर आणि नाना सगळीकडे.
नाक निघालं. पोट अडकलं.
मी : "दादा, थांबव!"
तो : "अगं ओरडू नकोस, तुझ्याकडे किती आहे?"
"दोन बोटं!"
"आडवी की उभी?"
चार वर्षांनंतरचं हे आमचं पहिलं संभाषण.
आरसे काढले. तरी नाही. वरच्या कॅरिअरला नानांच्या शेवग्याची फांदी. दादा आणि मी एकाच बांबूने ती वर उचलून धरली. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर, कुठे बघायचं हा प्रश्न. बांबू सोडता येत नव्हता.
दादा फांदीकडे बघत : "पत्रिकेचं... प्रूफ मीच वाचलं होतं."
मी बांबू आणखी वर रेटला.
"हेमंतचं हेमंती छापलं होतं. मुलाचा बाप हेमंती. मी प्रेसवाल्याच्या अंगावर गेलो. त्याने ते सुधारलं आणि खालची ओळ उडवली. तुझी होती."
"हे तेव्हाच सांगायचं ना!"
"हेमंती सांगू सगळ्यांना?"
मला हसू आवरेना. बांबू सुटला. फांदी हेल्मेटवर. हेल्मेट होतं म्हणून बरं. चार वर्षं मी लोकांच्या लग्नांत मागच्या रांगेत बसले आणि याच्या मनात काय, तर हेमंती.
मग नाना पुढे झाले. खांबाला एका अंगाने नवी वीट लागली होती, ती आपल्याच हाताने पहारीने काढली. गवंडी कपाळाला हात लावून. "अरे, वीट परत लागते. ही गाडी पुन्हा कुठं मिळणार?" पत्रा खांबाला घासून किंचाळला, आणि बस रस्त्यावर.
नानांनी टाळ्या वाजवल्या. आई खिडकीतून, "झालं? मग हाका की."
पालघरबाहेर मनोर रस्त्याला दादाच्या ओळखीचं आवार आहे, तिथे नेऊन लावली. उजव्या अंगाला लांबलचक ओरखडा. दादा म्हणतो रंगवू. मी म्हणते राहू दे. भांडण झालं. समोरासमोर, भालचंद्रशिवाय.

११ जानेवारी, रविवार
पहिली फेरी. ठरलं होतं मनोरपर्यंत आणि परत. रामसजीवनजी, आई, दादा, मी. कागदपत्रांची फाइल दादाच्या मांडीवर, लहान मूल धरावं तशी.
मनोरच्या अलीकडे इंजिन तापलं. बाजूला घेऊन पाणी घालत होतो, तेवढ्यात एक नवरा-बायको, कडेवर मुलगी, डोक्यावर बोचकं, सरळ दारातून वर चढले. बोईसरला इमारतीच्या कामावर असतात, घरी चालले होते. बस दिसली, चढले. बसच आहे ती.
"विक्रमगडला जाते ना?" माणसाने विचारलं, आणि मग त्याची नजर आत गेली. पलंग. शेगडी. अबोली पडदे. ओट्यापाशी आई, चहा गाळताना.
"चुकली, वाटतं," बायको म्हणाली, आणि परत उतरायला लागली.
आई : "चुकली नाय, चुकली नाय. बसा. इंजिन निवलं की सुटंल."
दादा माझ्या कानात : "ही खासगी गाडी आहे. पैसे घेतले तर गुन्हा."
"मग घेऊ नकोस."
त्यांना पलंगावर बसायचं धाडस होईना. खाली बसले. मग आईही खाली बसली. मग आम्हीही. मुलीने 'पंखा' दाबला, 'दिवा' दाबला. 'हे दाबू नये'पाशी (भोंगा परत जोडलाय) पोचायच्या आत दादाने तिला उचलून घेतलं.
विक्रमगडच्या अलीकडे त्यांचा पाडा. डांबर संपतं तिथपर्यंत नेलं. चढावर बस बैलासारखी फुरफुरली, पण चढली. टक् टक् ऐकून माणसं शेतातून वर आली. समुद्र इथून केवढा लांब, त्यांना हा आवाज कशाचा वाटला असेल? नवऱ्याने पैसे पुढे केले, दादा हात मागे बांधून उभा. शेवटी वालाच्या शेंगा आईच्या ओटीत आल्या.
बायकोने विचारलं, "परत कवा येते गाडी?"
मी तोंड उघडायच्या आत आई : "रविवारी. ह्याच येळंला."
मग परतीची वाट. मनोर गेल्यावर दादा म्हणाला, "आई, तू काय बोललीस कळतंय का?"
आई शेंगा सोलत होती. "मग? आली तर परत जायला नको का त्यांना?"

१७ जानेवारी, शनिवार
सकाळपासून फोन. ब्रेकचा एक भाग गळतो म्हणून भालचंद्रने बुधवारी काढून नेला. तो भाग दांडीत, भालचंद्र समुद्रात. संध्याकाळपर्यंत येईल, असं त्याची बायको म्हणते. रामसजीवनजींना उद्या ओव्हरटाइम लागलाय, बदली मिळते का बघतायत. पाड्यावरच्या त्या दोघांचं नावही विचारलं नाही आम्ही, नंबर तर लांबच.
दादा म्हणाला, मी माझ्या गाडीने जाऊन सांगून येतो, बस येत नाही म्हणून.
आई : "बस येत नाय हे सांगायला एवढ्या लांब जाणार? त्यापरीस बसच ने."
आई कालपासून बसमध्येच आहे. नाना-नानी तिला भेटायला आवारात आले होते, उद्या तेही येणार म्हणे, डबा घेऊन. दादा आसनक्षमता मोजतोय.
आत्ता परत त्याचा फोन. बसच्या कपाळावर पाटी लावायला हवी, म्हणाला, नाहीतर वाटेत कुणीही कुठेही जायला चढेल. मी म्हटलं, लाव.
"मोठं 'विक्रमगड' आणि खाली 'रविवारी'. चालेल?"
"चालेल."
मागे आईचा आवाज, कुणाला तरी चहा विचारत होती.
"वनू, पण खडूने लिहू, की रंगाने?"
विचार करून सांगते म्हटलं. त्याने फोन ठेवलेला नाही. मीही नाही.