भुसावळ केंद्राच्या प्रमुखांस

अन्नपूर्णा, इंदूर
रविवार, १७ मे

आदरणीय गिरिजाआत्या,

तुला आणि फुफाजींना सप्रेम जय भीम. (आतोबा म्हणायला हवं हे मला ठाऊक आहे, पण इंदूरात जन्मलेल्या मुलीच्या तोंडून फुफाजीच निघतं, त्याला माझा इलाज नाही.) तुझा गुडघा कसा आहे? फुफाजींची ॲसिडिटी काय म्हणते? भुसावळला ऊन किती आहे? हा शेवटचा प्रश्न लोक पत्रात रीत म्हणून विचारतात, मी तसा विचारत नाहीये. स्वयंपाकघरातलं तापमान कोणी मोजलं असेल तर खरंच कळव. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन फुफाजी उचलतात आणि इंदूरचा आवाज ऐकला की त्यांची रेंज जाते.

इकडे सगळे मजेत आहेत. आई शाळेची सुट्टी लागल्यापासून रोज एक कपाट उपसते आणि संध्याकाळी तेच सामान त्याच कपाटात भरते. बाबांचं रविवारचं बूटपॉलिश चालूच आहे. आजोबांनी महूच्या छावणीतून आणलेली ती शिस्त, पण बाबांचे बूट दोनच जोड, आणि गॅलरीचं दार लावून दीड तास हे नक्की काय घासतात ते मला अजून उमगलेलं नाही. असो. आत्या, मला आता राहवत नाही, मुद्द्यावर येते. माझा प्रयोग जमला! दोन वर्षं ज्या पोरीला तू फोनवर "अगं, खाल्लंस का" एवढंच विचारत आलीस, तिने तेलाला खवट होण्यापासून अडवणारी गोष्ट आकड्यांत पकडली आहे.

सुरुवातीपासून सांगते. तेल हवेत राहिलं की हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू पोखरतो आणि मग तो वास येतो, जो तुला दारातूनच येतो. (मागे कृष्णपुऱ्याच्या दुकानात तू बंद पिंपाकडे नुसतं पाहून नाक मुरडलं होतंस आणि दुकानदाराने हात जोडले होते, ते मी विसरलेले नाही. खरं सांगू, मी हा विषय त्याच दिवशी निवडला.) आता इंदूरात तेलावर काम करायचं म्हणजे शेवेवरच करायला हवं, कारण इथे माणूस पोह्यांवर शेव घालतो, भाजीवर घालतो, आमच्या शेजारी तर एकजण वरणावरही घालतो. आणि आपली लवंगी शेव! सगळे म्हणतात लवंग चवीसाठी. मी म्हटलं, चव ठीक आहे, पण ही लवंग तेलाची राखण करत असेल तर? म्हणून फेब्रुवारीत एकाच दिवशी, एकाच तेलात दोन घाणे काढले, एक सादा, एक लवंगेचा. मग दोन्ही शेवा बरण्यांत भरून साठ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायच्या आणि दर सातव्या दिवशी तेल किती बिघडलं ते मोजायचं. (ओव्हनची पाळी यायला एप्रिल उजाडला. तोवर शेव प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, आणि मी फ्रीजरच्या चावीसकट घरी.) एकविसाव्या दिवशी सादीचा आकडा अडतीस, लवंगेचा नऊ! मी प्रयोगशाळेत टाळ्या वाजवल्या. एकटीच होते, तरी वाजवल्या.

हे होतं कसं, ते मी आईला तीनदा सांगितलं आणि तिने तीनदा कपाट उपसलं. तुला एका झटक्यात कळेल, कारण ते तुझ्याच डोळ्यांदेखत झालेलं आहे. दोन वर्षांपूर्वी महूला पंचशीलदादाचं लग्न झालं, आठवतं ना? (न आठवून कसं चालेल!) मंगल कार्यालयाच्या दारातून फुफाजींची नवी तपकिरी सँडल गेली. फुफाजी चिडले आणि त्यांनी शेजारच्याची काळी घातली. त्या शेजारच्याने तिसऱ्याची घेतली, तिसऱ्याने चौथ्याची, आणि जेवणं उरकेपर्यंत निम्मं वऱ्हाड दुसऱ्याच्या पायताणात फिरत होतं. एक धिप्पाड गृहस्थ तर बायकांच्या गुलाबी सपाता घालून गेले, तक्रारही न करता. फ्री रॅडिकल म्हणजे हुबेहूब हे, आत्या. एका रेणूचा एक इलेक्ट्रॉन जातो, तो शेजाऱ्याचा ओढतो, शेजारी पुढच्याचा, आणि बघता बघता अख्खा डबा खवट. मग ही साखळी थांबते कुठे? तर शेवटी नवरीची मावशी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी होती, आणि तू पायातली चप्पल काढून तिच्यापुढे सरकवलीस. स्वतः कुणाचीही उचलली नाहीस. भर एप्रिलात अनवाणी रिक्षापर्यंत गेलीस. आत्या, लवंग शेवेत नेमकं हेच करते! स्वतःजवळचं देते आणि दुसऱ्याचं ओढत नाही, म्हणून पुढचे वाचतात. मी प्रबंधात अँटिऑक्सिडंटची व्याख्या पुस्तकातली घातली आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर तूच होतीस.

(साखळी सुरू कोण करतं, हा मात्र आमच्या शास्त्रातही वादाचा मुद्दा आहे. कुणी उजेडाला दोष देतं, कुणी लोखंडाच्या कढईला. फुफाजींनी बाबांना दिला, बाबा रुसले, आणि तेव्हापासून तू इंदूरला पाऊल टाकलेलं नाहीस. त्यात मी पडत नाही.)

आता गंमत ऐक. प्रयोग अठ्ठावीस दिवसांचा होता. सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे परवा शुक्रवारी, माझं काम तपासायला समिती आली. आमच्या वसुंधरा मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, मूळच्या सांगलीच्या, त्यांना इथे येऊन वर्षच झालंय. पाहुण्यांना पोहे-जिलबी द्यायची एवढं त्या शिकल्या, पण पोह्यांना शेव किती लागते याचा अंदाज अजून आलेला नाही. पलासियाहून पोहे आले, शेव मूठभर आली. आमचे रामभाऊ एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत आहेत. कॉलेजच्या पाहुण्याला शेवेशिवाय पोहे जाणं म्हणजे त्यांच्या हिशेबी शहराची बदनामी. ते शेव शोधायला निघाले आणि त्यांना कुठे सापडली? ओव्हनमध्ये! छान, गरमागरम, दोन बरण्या! त्यांनी निष्काळजीपणा केला असं मात्र म्हणू नकोस. बरणीवरची तारीख त्यांनी वाचली. ती मागच्याच आठवड्याची होती, कारण मी शेवटच्या मोजणीची तारीख लिहिते. नंतर मी कपाळाला हात लावून उभी होते तर मलाच म्हणतात, "मॅडम, तुम्हीच तर गरम ठेवली होती ना? मी म्हटलं, क्या बात है, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी पाहुण्यांचा इतका विचार केला!"

मी तक्ते छापून आणायला खाली गेले होते. वर आले तर पाच माणसं माझा प्रबंध चमच्याने खात होती. सत्तावीस दिवस, आत्या! आणि त्यांच्यात बाहेरून आलेले ते तज्ज्ञ, ज्यांनी आयुष्यभर खवटपणावरच काम केलंय. त्यांनी सादीचा एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि बशी बाजूला सारली. मग लवंगीची घेतली. ती संपवली. पुन्हा मागितली. मग एकदम बशी हातात धरून उभे राहिले आणि विचारलं, "ये दोनों एक ही दिन की हैं?" मी म्हटलं, एकाच दिवसाची, एकाच तेलाची, एकाच ओव्हनची. त्यांनी दोन्ही बश्यांचा पुन्हा वास घेतला आणि हसू लागले. माझा सगळा तक्ता त्यांना न दाखवताच कळला होता! रामभाऊ मागून म्हणाले, "सर, और दूँ?" पण और नव्हतीच. फ्रीजर रिकामा, लवंगीची बरणी चाटूनपुसून साफ, आणि सादी उरली ती लिंबू, कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे लागलेली, म्हणजे मोजायला कुचकामी.

तेव्हा त्या तज्ज्ञांनी खरा प्रश्न टाकला. ओव्हनचे एकवीस दिवस पुरेसे आहेत म्हणाले, पण लोक शेव ओव्हनमध्ये ठेवत नाहीत, डब्यात ठेवतात. याच घाण्याची शेव एखाद्या साध्या घरात, साध्या डब्यात ठेवलेली आहे का? असली तर सत्तावीस तारखेच्या बैठकीत आणा, प्रबंध पुढे जाईल. नसली तर नवा घाणा काढा आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे आणखी सहा महिने! मॅडमचा चेहरा पडला. आणि आत्या, मला काय झालं कोण जाणे, मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "आहे सर. आमच्या भुसावळ केंद्रात चालू आहे." सगळे इतके खूश झाले की विचारू नकोस. मॅडमनी तर माझी पाठ थोपटली. भुसावळला आपलं केंद्र आहे हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

तर अशी आनंदाची बातमी. गुडघ्याला जप, उन्हात फिरू नकोस. फुफाजींना माझा नमस्कार सांग, ऐकून घेतील तर.

तुझीच,
संबोधी

ता. क. – फेब्रुवारीत भुसावळला निघालेल्या समीरदादाबरोबर मी दोन डबे पाठवले होते, "खास तुझ्यासाठी माझ्या हातची" अशी चिठ्ठी लावून. तुझ्यासाठी लवंगी, फुफाजींना लवंग सोसत नाही म्हणून त्यांना सादी. आत्या, ती खास तुझ्यासाठी नव्हती. घाण्यातली उरलेली होती. माफ कर, पण डबे शिल्लक आहेत ना? असतील तर उघडू नकोस. उघडले असतील तर आता बंद करून जिथे आहेत तिथेच राहू देत, फ्रीजमध्ये टाकू नकोस. मला प्रत्येकी दोन मुठी पुरतील. आणि फुफाजींना डब्यापासून दूर ठेव, काहीही कारण सांग.

ता. क. २ – डबे कुरिअरने नकोत, चुरा होईल. शिवाय समितीने केंद्रप्रमुखांनाही बोलावलं आहे. मॅडमनी पत्रात तसं लिहूनही टाकलं. म्हणजे तू. तुला फक्त दोन्ही डब्यांचा वास घेऊन सांगायचं आहे कोणता कसा, आणि ते तुझ्याइतकं या देशात कुणाला जमत नाही. तू मनात काय धरून बसली आहेस ते मला माहीत आहे. तरी ये. माझ्यासाठी ये.

ता. क. ३ – माझं शुद्धलेखन कच्चं म्हणून हे पत्र मी बाबांना वाचायला दिलं. चपलांच्या परिच्छेदापाशी ते थांबले. चष्मा काढला, उठले, गॅलरीतल्या माळ्यावरून एक खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तपकिरी सँडल, नऊ नंबर. बाबांचा पाय आठचा. दोघांनी एकाच रंगाची घेतली होती ना. घरी आल्यावर पुढे बोटभर जागा राहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, सकाळी फोन करणार होते, पण त्याआधी फुफाजींचाच फोन आला आणि पहिलाच शब्द "चोर" आला. मग राहिलं ते राहिलंच. आता म्हणतात, तुझ्या किसनरावांना घेऊनच ये, आणि त्यांना सांग की त्या दिवसानंतर ही सँडल एकदाही घातलेली नाही, पण गेली दोन वर्षं एकही रविवार पॉलिशशिवाय गेलेला नाही.