जनाचा हात

कडाव, एप्रिल १९४८

प्रिय मोती,

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या शेतातले वाल निघाले, मळणी झाली, आणि त्यानंतर मी नुसती बसून राहिले म्हटलंस तरी चालेल. आबाजी मास्तर सूतकताई आणि शेत बघतात, बाकीचं मी. तू पुण्याला गेल्यापासून काम वाढलंय, पण हा शीण कामाचा नाही.

शनिवारची सभा तू सोडून गेलीस तशीच चालू होती. सगळे गोल बसायचे. मताला प्रत्येक मुलाचा एक हात, आपणा शिक्षकांचाही प्रत्येकी एकच. यंदा मुलांनी सदूला अध्यक्ष केलं. पोशीरहून मामाकडे आलेला, पहिल्या वर्षी मान वर न करणारा आपला सदू. आता अंगण कुणी झाडायचं हेसुद्धा तो सगळ्यांना विचारून ठरवायचा. बघून बरं वाटायचं.

पौषात डोंगरातल्या वाडीवरची माणसं नेहमीसारखी कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेली, आपल्या शाळेत येणाऱ्या पोरांनाही घेऊन. वालाची राखण एकट्या गावातल्या मुलांवर पडली. ती कंटाळली आणि सभेत ठराव आला, महिनाभर न येणाऱ्याचं नाव पटावरून कमी करावं. मी विरोधात बोलले, आबाजीही बोलले. आमचे दोनच हात. ठराव झाला. ज्यांच्याबद्दल तो होता त्यांतलं एकही पोर तिथं नव्हतं.

शिमग्याला माणसं परतली. वाडीवरल्या पोशाची मुलगी जना सभेत येऊन आपल्या जागी बसली. सदूनं तिला ठराव सांगितला. सांगताना त्याचा आवाज पडला होता.

"आमी नव्हतो तवा कसं ठरलं?" जनानं विचारलं.

"जे हायेत तेच ठरवतात गं. नियम हाय."

मी म्हटलं, ठराव पुन्हा मांडू. तर एका मुलीनं विचारलं, मग जनाचा हात मोजायचा का? तिचं नाव तर कमी झालंय. जना उठली. "नाय मोजायचा तर बसू कशाला," म्हणाली आणि चालू लागली.

मी तिला दारात अडवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ठराव रद्द, मी सांगते म्हणून. 'मी सांगते म्हणून' हे शब्द या शाळेत मी पहिल्यांदाच उच्चारले.

आता जना येते, वाडीवरची बाकीची मुलंही येतात. पण शनिवारी कुणी हात वर करत नाही. परवा विहिरीचा रहाट दुरुस्त करायचा विषय निघाला. सदूला विचारलं, तर सरळ मनानं म्हणाला, "बाई, तुमी सांगाल तसं." शेजारी बसलेल्या जनानंही मान डोलावली. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, मोती. आणि पुन्हा हेच होईल.

तुझ्या शिक्षक शिबिरासाठी 'मुलांच्या हाती शाळेचा कारभार' यावर भाषण लिहून पाठवायचं मी कबूल केलं होतं. कितीदा तरी लिहायला बसले, जमलं नाही. त्याऐवजी हेच वाचून दाखव. सदूचं नाव तेवढं गाळ. आपण शिकवलं तेच त्यानं केलं, आणि परक्या मास्तरांनी त्याला दोष दिलेला मला सोसणार नाही.

तुझीच, थकलेली,
इंदू